पाठांतराच्या पुढचं जनुकशास्त्र

आई ओ गटाची, वडील ओ गटाचे आणि बाळाचा रक्तगट आला ए. असं होऊ शकतं का?

बारावीतला विद्यार्थी म्हणेल, शक्यच नाही. बी.एस्सी. झालेला म्हणेल, ‘बॉम्बे ब्लड ग्रुप!’ आणि त्याचं बरोबरच आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईतल्या ज्या व्यक्तींच्या रक्ताबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, त्यांच्या तांबड्या पेशींवर ए नव्हतं, बी नव्हतं आणि ओ गटाच्या माणसात हमखास सापडणारं एच हे प्रतिजनही नव्हतं. ए आणि बी तयार होतात ती एचवरच साखरेचा एकेक रेणू चढवून. एच बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर ए किंवा बीचं जनुक शाबूत असूनही नेहमीच्या चाचणीत माणूस ओ गटाचा दिसतो. जोडीदाराकडून चांगलं एच मिळालं की लपलेला ए मुलात उघडा पडतो.

एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याकडून अपेक्षा याच्याही पुढची आहे. त्यानं विचारायला हवं, की या निकालाची आणखी किती स्पष्टीकरणं संभवतात? नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल झाली असेल. पालकांपैकी एकाच्या पेशींवर ए अगदी क्षीण असेल आणि साध्या चाचणीत निसटला असेल. जैविक पिता वेगळा असेल. किंवा खरोखरच बॉम्बे गट असेल. आता यांतलं प्रत्येक स्पष्टीकरण खरं मानून पुढे चला आणि पाहा, ते कोणत्या चाचणीत वेगळं दिसेल. एच ओळखणारं लेक्टिन क्षीण ए असलेल्या पेशींना भरपूर चिकटेल, बॉम्बे पेशींना चिकटणार नाही. बॉम्बे गटाच्या माणसाचा सीरम ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करेल, इतरांचा करणार नाही. एचचं जनुक १९व्या गुणसूत्रावर आणि एबीओचं ९व्या, म्हणजे कुटुंबात ही दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाटली जाताना दिसायला हवीत. एवढं मांडता आलं की प्रगत जनुकशास्त्राचा निम्मा अभ्यास झाला. उरलेला निम्मा म्हणजे हेच शंभर वेगवेगळ्या प्रसंगांत करणं.

आपल्याकडे विद्यापीठात जनुकशास्त्र बहुतेक वेळा माहिती म्हणून शिकवलं जातं आणि माहिती म्हणूनच तपासलं जातं. ‘एपिस्टॅसिसचे प्रकार लिहा’ या प्रश्नाला ९:३:४, ९:७, १२:३:१ अशी गुणोत्तरांची उतरंड लिहिली की गुण मिळतात. त्यामुळे विद्यार्थ्याचा समज होतो, की गुणोत्तर हेच ज्ञान. गुणोत्तर हा पुरावा असतो. तो कोणत्या दाव्याचा आणि कोणत्या अटींवर, हे कळलं नाही तर पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी माणूस अडखळतो, मग एम.एस्सी.ला गुण कितीही असोत.

एपिस्टॅसिसच घ्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच दिसतो. बॉम्बे गटात एचचा बिघाड ए-बीला झाकतो. दळणच आलं नाही तर भाकरी ज्वारीची की बाजरीची हा प्रश्न उरत नाही, तसं. म्हणजे पदार्थ तयार होण्याच्या साखळीत आधीच्या टप्प्यावरचा बिघाड नंतरच्या टप्प्यावरचा फरक झाकतो. इथून विद्यार्थी नियम बांधतो, की जो झाकतो तो आधीचा. आता यीस्टकडे या. यीस्टला गॅलॅक्टोज मिळालं की ते पचवणारी जनुकं चालू होतात, एरवी बंद असतात. गॅल४ हे जनुक बिघडवलं तर गॅलॅक्टोज दिलं तरी काही चालू होत नाही. गॅल८० बिघडवलं तर गॅलॅक्टोज नसतानाही सगळं चालूच राहतं. दोन्ही एकदम बिघडवली तर? काहीच चालू होत नाही, म्हणजे गॅल४चा बिघाड गॅल८०ला झाकतो. वरचा नियम लावला तर गॅल४ आधी आणि गॅल८० नंतर असं उत्तर येईल, आणि ते साफ चुकीचं आहे. गॅल८० हा गॅल४ला दाबून ठेवतो. दाबण्यासारखं खाली काही उरलंच नाही, तर दाबणारा असला काय आणि नसला काय. नियंत्रणाच्या साखळीत झाकणारं जनुक नंतरचं असतं.

आता तिसरं जनुक घाला. गॅल३ बिघडलं की यीस्ट गॅलॅक्टोजला वेळेवर प्रतिसाद देत नाही. गॅल३ आणि गॅल८० दोन्ही बिघडवली तर सगळं कायम चालू. पुढे वाचण्याआधी कागदावर क्रम मांडून पाहा. गॅल३ हा गॅल८०ला आवरतो, गॅल८० गॅल४ला दाबतो, आणि गॅल४ बाकीची जनुकं चालू करतो. एकही प्रथिन शुद्ध न करता, डीएनएचा क्रम न वाचता, नुसत्या दुहेरी उत्परिवर्तनांवरून हा क्रम लावता येतो.

पण अटी विसरू नका. दोन्ही बिघाड पूर्ण हवेत. जनुक थोडंफार काम करत असेल तर निष्कर्ष डळमळतो. दोन्हींचे एकेकटे परिणाम उलटसुलट हवेत. दोन्ही बिघाडांनी सारखाच परिणाम होत असेल तर दुहेरी उत्परिवर्तनातून क्रम सांगता येत नाही. आणि दोन्ही जनुकं एकाच साखळीत आहेत हे आधी मानावं लागतं. मुलाखतीत परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात. ‘दोन्ही अ‍ॅलील नल आहेत हे तुम्हाला कसं माहीत?’ या प्रश्नावर शांतता पसरते.

पूरकता चाचणीचंही असंच आहे. दोन अप्रभावी उत्परिवर्तनं एका पेशीत आणली, गुण सामान्य झाला, तर जनुकं दोन. नाही झाला, तर जनुक एक. हे सगळ्यांना पाठ असतं. पण एकाच प्रथिनाच्या दोन वेगळ्या भागांतले बिघाड कधीकधी एकमेकांना सावरून घेतात आणि एक जनुक दोन असल्याचा भास होतो. उलट, दोन वेगळ्या जनुकांची प्रथिनं एकत्र मिळून काम करत असतील तर प्रत्येकाची एकेक प्रत गेल्यानंही काम बिघडू शकतं, आणि दोन जनुकं एक वाटतात. उत्परिवर्तन प्रभावी असेल तर चाचणी लागूच होत नाही. म्हणून एक वही करा. प्रत्येक चाचणीसाठी एक पान: ही कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते, काय गृहीत धरते, आणि केव्हा फसवते. पूरकता, एपिस्टॅसिस, सप्रेसर, सिंथेटिक लीथल, तापमान-संवेदी उत्परिवर्तन, मोझेइक विश्लेषण, जोडणी. वीसेक पानांत सगळं मावतं, आणि या वीस पानांचा उपयोग दोनशे पानांच्या नोट्सपेक्षा जास्त होतो.

मूळ शोधनिबंध वाचल्याशिवाय हा युक्तिवाद अंगवळणी पडत नाही. सगळे वाचायची गरज नाही. सहा नीट वाचले तरी पुरेत. माझी यादी अशी: आल्फ्रेड स्टर्टेव्हंटचा १९१३चा पहिला गुणसूत्र-नकाशा; लुरिया आणि डेलब्रुक यांचा १९४३चा फ्लक्चुएशन टेस्टचा; सेमूर बेंझरचा १९५५चा, टी४ फाजच्या आरटू भागावरचा; क्रिक, ब्रेनर आणि सहकाऱ्यांचा १९६१चा, ज्यात जनुकीय संकेत तीन-तीन अक्षरांचा असल्याचं दाखवलं; सिडनी ब्रेनर यांचा १९७४चा, सी. एलिगन्स या कृमीवरचा. आणि नुसलाइन-फोलहार्ड व विशाउस यांचा १९८०चा, फळमाशीच्या भ्रूणावरचा. स्टर्टेव्हंट पदवीचा विद्यार्थी असतानाच मॉर्गनच्या प्रयोगशाळेतली आकडेवारी घरी घेऊन गेला आणि गृहपाठ बाजूला ठेवून रात्रीतून नकाशा काढला. वयाचं निमित्त पुढे करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. यांतले बरेचसे निबंध इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

वाचायची रीत मात्र वेगळी ठेवा. प्रस्तावना वाचा, प्रयोगाची पद्धत वाचा, आणि तिथे थांबा. तक्ते झाका. दोन पर्यायी गृहीतकं असतील तर प्रत्येकानुसार तक्त्यात काय दिसायला हवं ते स्वतः लिहा, शक्यतो आकड्यांत. मग तक्ता उघडा. लुरिया-डेलब्रुकसाठी हे करून पाहा. जिवाणूंमध्ये फाजविरुद्धचा प्रतिकार फाजची गाठ पडल्यावर निर्माण होत असेल, तर वेगवेगळ्या नळ्यांतून वाढवलेल्या संवर्धनांत प्रतिकारक वसाहतींची संख्या थोड्याफार फरकानं सारखी यावी. प्रतिकार आधीच, वाढीच्या काळात कधीतरी योगायोगानं उपजत असेल, तर एखाद्या नळीत तो लवकर उपजून शेकडो वसाहती मिळतील आणि दुसरीत एकही नाही. म्हणजे सगळं उत्तर सरासरीत नसून विखुरणीत आहे. हे निबंध वाचण्याआधी स्वतःला सुचलं, तर तो आनंद वेगळाच असतो.

१९६१च्या निबंधाला एक अख्खा रविवार द्या. फाज, जिवाणूंच्या थाळ्या आणि अक्षर घालणारी किंवा काढणारी उत्परिवर्तनं, एवढ्याच सामग्रीवर लेखक सांगतात की एक अक्षर वाढलं तर जनुक बिघडतं, दोन वाढली तरी बिघडतं, तीन वाढली की पुन्हा बरंचसं चालू लागतं. त्यातला प्रत्येक क्रॉस स्वतः मांडून पाहिलेला विद्यार्थी फ्रेमशिफ्टची व्याख्या जन्मभर विसरणार नाही.

आता आकड्यांकडे. गणित सुटावं म्हणून जीवशास्त्र घेतलेली मंडळी इथे नाराज होतात, पण इलाज नाही. आणि मराठी वाचकाला तर या विषयात घरचाच माणूस भेटतो. जोडणीचे नकाशे काढणाऱ्या बहुतेक संगणक प्रणालींत आजही दोन पर्याय विचारले जातात, हॉल्डेन की कोसंबी? हे कोसंबी म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी, इतिहासकार म्हणून आपल्याला ठाऊक असलेले. जन्म गोव्यातला, आणि हा निबंध १९४४ सालच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मधला, पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असतानाच्या काळातला. दोन जनुकांमधलं अंतर पुनर्संयोगाच्या टक्क्यांवरून काढताना अडचण येते, कारण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती दिसतच नाही. हॉल्डेन यांनी एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला अडवत नाही असं धरलं. कोसंबींनी ती अडवते, जवळ जास्त आणि दूर कमी, असं धरलं. पुनर्संयोग ५ टक्के असेल तर हॉल्डेनचं अंतर ५.३ सेंटिमॉर्गन येतं आणि कोसंबींचं ५.०, फरक नगण्य. २० टक्क्यांना २५.५ आणि २१.२. ३५ टक्क्यांना ६०.२ आणि ४३.४. ही दोन्ही सूत्रं पाठ करू नका, पायरीपायरीनं काढून पाहा. बारावीचं कलनशास्त्र पुरतं. प्रयोगात अंतर ठरवताना शेजारशेजारची चिन्हकं का वापरायची, हे या तीन ओळींच्या आकड्यांतून जेवढं कळतं तेवढं व्याख्यानातून कळत नाही.

लॉड स्कोअरचंही तसंच. ३ हा उंबरठा सगळे सांगतात. १० अपत्यांत एकदाही पुनर्संयोग झाला नाही, तर असं घडण्याची शक्यता पूर्ण जोडणी धरली तर स्वतंत्र वाटपाच्या १,०२४ पट येते आणि लॉड येतो ३.०१. त्याच दहांत एक पुनर्संयोग निघाला की लॉड १.६ वर घसरतो. एका मुलाचा नमुना चुकीचा नोंदवला गेला तर काय होईल, याचा अंदाज यावरून करा. आणि हजारपट शक्यता मागण्याइतका हा उंबरठा कडक का? कारण कुठलीही दोन ठिकाणं उचलली तर ती जोडलेली असण्याची शक्यता मुळातच फार कमी असते. जीनोमभर शोध घेणाऱ्या आजच्या अभ्यासांत ५ × १०⁻⁸ हा आकडा येतो तो याच काळजीतून: ०.०५ला साधारण दहा लाख स्वतंत्र चाचण्यांनी भागलं की तो मिळतो.

संख्याशास्त्राचा पेपर वेगळा असला तरी अभ्यास वेगळा करू नका. आर ही संगणकभाषा फुकट मिळते, साध्या लॅपटॉपवर चालते. तिच्यात फळमाशीचा क्रॉस हजार वेळा घडवून आणा आणि काय-वर्ग किती वेळा निव्वळ योगायोगानं मर्यादेबाहेर जातो ते मोजा. लुरिया-डेलब्रुकची नळी एका पेशीपासून दुप्पट-दुप्पट वाढवत पाहा. वीस-पंचवीस ओळींचा मजकूर लागतो. मित्राकडून तयार मजकूर घेतलात तर हाती काही लागणार नाही.

मानवी जनुकशास्त्रात महाराष्ट्राइतकं धडे देणारं क्षेत्र दुसरं शोधायला नको. विदर्भात, नंदुरबारकडे, आदिवासी आणि इतर अनेक समाजांत सिकलसेल आहे. २०२३ साली केंद्रानं त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. हे एकच जनुक घेऊन सत्रभर अभ्यास करा. बीटा ग्लोबिनचं जनुक, एचबीबी, ११व्या गुणसूत्रावर. जुन्या पुस्तकांत बदल सहाव्या अमिनो आम्लात लिहिलेला असतो, आजच्या नामपद्धतीत सातव्या. कारण आता सुरुवातीचं मेथिओनिनही मोजतात. उत्परिवर्तनाचा आरएस क्रमांक ३३४. जीनोमच्या ३७व्या आवृत्तीत त्याचं स्थान ५२,४८,२३२, तर ३८व्यात ५२,२७,००२. दोन फायलींतल्या आवृत्त्या जुळवल्या नाहीत तर तुमचा रुग्ण निरोगी ठरेल. शिवाय हे जनुक उलट्या धाग्यावर आहे, त्यामुळे पुस्तकात ए जाऊन टी येतो आणि जीनोमच्या फायलीत टी जाऊन ए. पहिल्यांदा पाहणारा हमखास चक्रावतो. एन्सेम्बल, क्लिनव्हार, नोमॅड, ओमिम या चारही माहितीसाठ्यांत याच एका बदलाची नोंद उघडून शेजारी-शेजारी ठेवा. साठे वापरायला असंच शिकता येतं. त्यांची नावं पाठ करून काही होत नाही.

मग कुटुंबाचं गणित. सिकलसेलच्या रुग्णाची निरोगी बहीण वाहक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश. तिच्या नवऱ्याच्या समाजात दहांत एक वाहक आहे असं उदाहरणापुरतं धरा. मूल रुग्ण असण्याची शक्यता येते साठांत एक. तिला दोन निरोगी मुलं झाली, आता तिसऱ्यासाठी शक्यता किती? बेझचं सूत्र लावलं तर ती साधारण १०४मध्ये एकवर येते. हे सोडवता यायलाच हवं, परीक्षेत येतं. पण समुपदेशनात असलं गणित करत बसायची गरज नसते. नवरा-बायकोची हिमोग्लोबिनची एचपीएलसी चाचणी सरळ उत्तर देते. कुठे गणित करायचं आणि कुठे चाचणी, हेही शिकण्यातच येतं.

लोकसंख्या-जनुकशास्त्र परदेशी पुस्तकांतून शिकताना आपला समाज विसरला जातो. एल. डी. संघवी आणि व्ही. आर. खानोलकर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांत जनुकीय गुण तपासले होते. तो प्रश्न अजून ताजा आहे. समजा, एका गटात अ‍ॅलीलचं प्रमाण ०.२ आहे आणि दुसऱ्यात शून्य. दोघांचे सारखेच नमुने घेऊन एकत्र मोजले तर प्रमाण ०.१ येतं आणि हार्डी-वाइनबर्गनुसार विषमयुग्मी १८ टक्के दिसायला हवेत. प्रत्यक्षात दिसतील १६ टक्के. विद्यार्थी लगेच नैसर्गिक निवडीची गोष्ट रचतो. निवड-बिवड काही नाही. तुम्ही दोन गावांचे लोक एका रांगेत उभे केलेत, एवढंच. नोमॅडमध्ये ‘दक्षिण आशियाई’ या एका रकान्यात आपण सगळे असतो, त्यामुळे तिथे ‘दुर्मीळ’ लिहिलेला बदल एखाद्या जातीत किंवा जमातीत सर्रास असू शकतो. जीनोम इंडिया प्रकल्पानं सुमारे दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले ते याचसाठी.

सिकलसेलची गोष्ट अजून संपलेली नाही. गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही ज्यांच्यात जास्त राहतं, त्यांना त्रास कमी होतो. कोणामध्ये ते जास्त का राहतं, हे शोधताना २००७-०८च्या सुमारास जीनोमभरच्या अभ्यासांतून दुसऱ्या गुणसूत्रावरचं बीसीएल११ए हे जनुक पुढे आलं. ते गर्भातल्या हिमोग्लोबिनला दाबतं. रक्ताच्या मूळपेशींत त्यालाच कात्री लावली तर सिकलचा बिघाड तसाच राहूनही आजार सौम्य होतो. या तत्त्वावरच्या क्रिस्पर उपचाराला २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. वर सांगितलेल्या वहीतलं सप्रेसरचं पान काढा: दुसऱ्या जनुकातला बदल पहिल्याचा परिणाम झाकतो. वर्गात जुनाट वाटलेली संकल्पना इथे औषध झाली आहे.

प्रयोगांबद्दल महाविद्यालयं हात वर करतात, आणि काही अंशी ते खरंही आहे. कांद्याच्या मुळांची टोकं, नाकतोड्याचं वृषण, ऱ्हीओच्या कळ्यांतली गुणसूत्रांची कडी, कायरोनोमसच्या अळीतली पॉलिटीन गुणसूत्रं, यापुढे गाडी जात नाही. ही प्रात्यक्षिकं चांगली आहेत, ती मनापासून करा. पण जनुकीय विश्लेषण करायचं तर दोन-चार जणांनी मिळून शिक्षकांच्या मागे लागा आणि यीस्टचा एक प्रयोग उभा करा. एखाद्या यीस्टच्या प्रयोगशाळेकडून शिक्षकांच्या पत्रानं दोन्ही लिंगप्रकारांच्या हॅप्लॉइड जाती मागवता येतात. अतिनील दिव्याखाली, डोळे आणि त्वचा सांभाळून, उत्परिवर्तनं घडवा आणि अ‍ॅडेनीन कमी असलेल्या माध्यमावर वाढवा. हजारो पांढऱ्या वसाहतींत एखादी लाल दिसेल. तिच्यात अ‍ॅडेनीन बनवण्याचा एक टप्पा अडला आहे आणि अडलेल्या मालाचा लाल रंग झाला आहे. दोन लाल वसाहतींचा संकर पांढरा झाला तर जनुकं दोन, लाल राहिला तर एक. लाल वसाहतीत पांढरा पट्टा उमटला तर बऱ्याचदा त्याआधीचा टप्पा बिघडलेला असतो, म्हणून लाल माल तयारच होत नाही. पूरकता आणि एपिस्टॅसिस दोन्ही डोळ्यांनी दिसतात, आणि खर्च थाळ्यांचा आणि माध्यमाचा.

फळमाशी पाळायची असेल तर म्हैसूर विद्यापीठात तिच्या जातींचा संग्रह आहे. २५ अंशांना पिढी साधारण दहा दिवसांत होते. नरात पुनर्संयोग होत नाही ही गोष्ट मात्र पहिल्या दिवशी भिंतीवर लिहून ठेवा. निम्मी कोडी त्यावरच सुटतात.

पुस्तकांचं थोडक्यात. ग्रिफिथ्स किंवा हार्टवेल यांपैकी एक पायाला, आणि प्रकरणाच्या शेवटची उदाहरणं सोडवायची, तीही उत्तरं न बघता. स्ट्रिकबर्गर जुनं आहे, पण उदाहरणांसाठी आजही घ्यावं. फिलिप मीनली यांचं जनुकीय विश्लेषणावरचं पुस्तक वर सांगितलेल्या युक्तिवादासाठी. संख्यात्मक गुणांसाठी फाल्कनर आणि मॅके. कृषी विद्यापीठांत वनस्पती-प्रजनन घेतलेल्यांना त्याला पर्याय नाही. मानवी जनुकशास्त्रासाठी स्ट्रॅचन आणि रीड. नेट परीक्षेच्या गाइडांच्या मागे लागू नका.

नेटचं मात्र बोलायला हवं, कारण फेलोशिपचा रस्ता तिथून जातो. सीएसआयआरच्या जीवशास्त्राच्या २०० गुणांपैकी १०० गुण सी भागाचे आहेत: ७५ प्रश्नांतले २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण. हा भाग विचार तपासतो आणि आनुवंशिकतेचे प्रश्न त्यात बहुधा आकृती, वंशावळ किंवा क्रॉसच्या रूपात येतात. ज्यानं वही केली आणि निबंध वाचले, त्याला वेगळी तयारी फार लागत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा, आणि चुकलेल्या प्रश्नात चारही पर्याय का चूक किंवा बरोबर हे लिहा.

अभ्यास एकट्यानं करू नका. तिघा-चौघांचा गट हवा, आठवड्यातून एकदा, एक निबंध, आणि फळ्यावर उभं राहून समजावणं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे खुशाल मराठीत करावं. ‘म्यूटंट’, ‘क्रॉस’, ‘अ‍ॅलील’ हे शब्द तसेच राहू द्या, पण ‘म्हणून’ आणि ‘नाहीतर’ मराठीत आले की युक्तिवादातली फट लगेच दिसते. इंग्रजीत घोकलेल्या वाक्याआड ती लपून राहते. लिहायचा सराव मात्र इंग्रजीतच करा, कारण पुढे सगळं लेखन त्याच भाषेत आहे.

शेवटी प्रयोगशाळा. आता अभ्यासक्रमातच संशोधन प्रकल्प आला आहे, तो घरच्या महाविद्यालयात उरकण्याची घाई करू नका. पुण्यात आयसर, एनसीसीएस आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत टीआयएफआर आणि केईएमच्या आवारातली रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था, खारघरला अ‍ॅक्ट्रेक, बाहेर हैदराबादचं सीसीएमबी आणि बंगळूरुचं एनसीबीएस. तिन्ही विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी फेलोशिपसाठी एम.एस्सी.चे विद्यार्थी अर्ज करू शकतात. जाहिरात दिवाळीच्या आसपास पाहायला लागा, मे महिन्यात जागा शोधणाऱ्याला उशीर झालेला असतो.

पत्र लिहाल तर ते शंभर जणांना एकच पाठवू नका. त्या प्रयोगशाळेचा गेल्या दोन-तीन वर्षांतला एक निबंध वाचा आणि त्यातल्या एका आकृतीबद्दल खरा प्रश्न विचारा: अमुक दुहेरी उत्परिवर्तन केलं आहे का, अमुक अ‍ॅलील नल आहे हे कशावरून. ‘मला आपल्या महान कार्यात रस आहे’ हे वाक्य सगळ्यांनी वाचलेलं असतं. तुम्हाला काय येतं ते दोन ओळींत, कोणत्या तारखेपासून किती आठवडे येऊ शकता ते एका ओळीत, सोबत एका पानाची माहिती. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करावी, आणि त्याच दिवशी पुढच्या प्रयोगशाळेचा निबंध वाचायला घ्यावा.